माहिती हाताशी असताना विज्ञान शिकवायचं कसं?

एक सेल, टॉर्चचा एक छोटा बल्ब आणि वायरचा एकच तुकडा. एवढंच साहित्य द्यायचं आणि म्हणायचं, बल्ब पेटवून दाखवा. ओहमचा नियम पाठ असलेल्या, परिपथाच्या आकृत्या सुबक काढणाऱ्या मुलांपुढे मी हे पहिल्यांदा ठेवलं, तेव्हा कितीतरी गट वायरचं एक टोक सेलला आणि दुसरं बल्बच्या बुडाला लावून बल्ब पेटायची वाट बघत बसले होते. आकृतीत बल्ब म्हणजे वर्तुळातली फुली. खऱ्या बल्बला दोन जोड असतात, एक बुडाशी आणि एक बाजूच्या धातूच्या कड्याला, आणि वीज त्या दोन जोडांमधून आरपार जावी लागते, हे त्या फुलीत दिसत नाही.

ओहमचा नियम आज कोणालाही दोन सेकंदांत मिळतो. व्याख्या, सूत्रं, सोडवलेली उदाहरणं, हव्या त्या भाषेतलं स्पष्टीकरण, सगळं मिळतं. मग वर्गातला तास कशावर खर्च करायचा? माझं उत्तर असं: जे शोधून सापडत नाही त्यावर. स्वतःचा अंदाज बांधणं, तो सगळ्यांसमोर मांडणं, तो चुकल्यावर का चुकला याचा माग काढणं. हे दुसऱ्याने आपल्यासाठी करून भागत नाही. ते वर्गात कसं घडवायचं, त्याच्या पायऱ्या खाली देतो आहे.

पायरी १: ‘समजलं’ म्हणजे काय, ते आधी ठरवा

धड्याची तयारी सुरू करण्यापूर्वी असा एक प्रश्न लिहा, जो मुलांनी कुठेही पाहिलेला नाही, पण धडा समजला असेल तर त्यांना सोडवता आला पाहिजे. ‘विद्युतधारेची व्याख्या लिहा’ हा असा प्रश्न नव्हे. ‘एकसरीत, म्हणजे एकापाठोपाठ एक, तीन बल्ब जोडलेत, मधला काढून घेतला तर उरलेल्या दोघांचं काय होईल, आणि मधल्याच्या जागी नुसती वायर लावली तर?’ हा चालेल. दुसऱ्या भागात बहुतेकांची गाडी अडते, म्हणूनच तो हवा.

असा प्रश्न सुचत नसेल, तर बहुधा त्या धड्यात नेमकं काय समजून घ्यायचं आहे ते आपल्यालाच अजून स्पष्ट नाही. माझ्या बाबतीत हे अनेकदा झालंय. अशा वेळी धडा पुढे ढकललेला बरा.

पायरी २: मुलांच्या डोक्यात आधीच काय आहे, ते बाहेर काढा

मुलं कोरी पाटी घेऊन येत नाहीत. जग कसं चालतं याच्या कल्पना त्यांनी लहानपणापासून बांधलेल्या असतात आणि त्या चिवट असतात. १९८७ साली हार्वर्डच्या पदवीदान समारंभात २३ जणांना, त्यांत पदवीधर होते, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकही होते, ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात असं विचारलं. २१ जणांच्या उत्तरात चूक होती. पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा, हे त्यातलं ठरलेलं उत्तर. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत लांब जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. ऋतू होतात ते पृथ्वीच्या कललेल्या अक्षामुळे, हे या लोकांना कोणी शिकवलंच नसेल असं नाही. पण शेकोटीजवळ गेलं की ऊब लागते, हा अनुभव जुना आणि अंगात मुरलेला. नवी माहिती त्याच्या शेजारी जाऊन बसते, त्याला उठवत नाही.

त्यामुळे धडा सुरू करण्याआधी चिठ्ठ्या वाटा. प्रश्न एकच, उत्तर दोन ओळींत किंवा चित्रात, नाव लिहायचं पण गुण नाहीत. ‘मोठ्या झाडाचं एवढं लाकूड कुठून आलं?’ ‘बल्बमधून बाहेर पडणारी वीज आत जाणाऱ्या विजेपेक्षा कमी असते का?’ ‘दगड वर फेकला, तो सर्वांत वरच्या बिंदूला असताना त्याच्यावर बल असतं का?’ चित्र काढायला सांगितलं तर जास्त कळतं, कारण शब्द पुस्तकातून उचलता येतात, चित्र सहसा स्वतःचंच असतं.

चिठ्ठ्या वाचताना चेहरा सरळ ठेवा. चुकीचं उत्तर वाचून आपण हसलो किंवा भुवई उंचावली, की पुढच्या वेळी मुलं मनातलं लिहीत नाहीत, आपल्याला हवं ते लिहितात. मग या पायरीचा काही उपयोग उरत नाही.

झाडाच्या प्रश्नावर बरीच मुलं ‘मातीतून’ लिहितात. त्यांना सतराव्या शतकातल्या व्हॅन हेल्माँट या शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगावा. त्याने विलोचं सव्वादोन किलोचं रोप मोजलेल्या मातीत लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड सुमारे ७६ किलोचं झालं, माती कमी झाली ती जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम. त्यावरून त्याने ठरवलं की सगळं लाकूड पाण्यातून आलं. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली हे छापलं गेलं. मोजमाप नेमकं होतं, निष्कर्ष मात्र अपुरा, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा विचार त्यात नव्हता. मुलांना इथे मोठा धीर येतो. इतक्या काळजीने काम करणारा माणूसही चुकला, आणि नेमका कुठे चुकला ते आपल्याला बोट ठेवून दाखवता येतं.

पायरी ३: आधी भाकीत, मग प्रयोग

या संपूर्ण लेखातली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला.

प्रयोग करून दाखवला की मुलांना समजतं, असं आपण गृहीत धरतो. २००४ साली हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्र शिक्षकांनी हे तपासून पाहिलं. ज्यांनी प्रयोग नुसता पाहिला, त्यांची समज प्रयोग न पाहिलेल्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. ज्यांना प्रयोगापूर्वी ‘काय होईल’ ते सांगायला लावलं, त्यांची मात्र स्पष्टपणे चांगली होती. कारण साधं आहे. भाकीत केलेलं नसेल तर जे दिसतं ते ‘हो, असंच होणार होतं’ म्हणून सहज गिळलं जातं. वहीत लिहिलेलं भाकीत डोळ्यांसमोर खोटं ठरलं, की मन तिथे अडकतं.

प्रत्यक्ष तास कसा घ्यायचा, ते दोन बल्बांच्या उदाहरणावर सांगतो. दीड व्होल्टचे दोन सेल, फिलामेंटचे सारखे दोन टॉर्चचे बल्ब, होल्डर आणि वायर घ्या. इथे एलईडी नको. तो एकाच दिशेने चालतो आणि त्याचं वागणं वेगळं असतं, त्यामुळे मूळ मुद्दा बाजूला राहतो. सेलची दोन टोकं नुसत्या वायरने जोडली तर वायर आणि सेल दोन्ही तापतात, हे आधी बजावून सांगा. मोबाइलची बॅटरी किंवा भिंतीतला प्लग या कामासाठी कधीही नाही.

दोन्ही बल्ब एकसरीत जोडून सर्किट मांडा, पण शेवटचा जोड उघडा ठेवा. विचारा: कोणता बल्ब जास्त उजळेल? सगळ्यांनी वहीत लिहायचं, कारणासकट. मग हात वर. साधारण तीन गट पडतात. ‘पहिला, कारण वीज त्याच्याकडे आधी पोचते आणि तो थोडी वापरून टाकतो.’ ‘दोन्ही सारखे.’ आणि मोजके ‘दुसरा’. आता प्रत्येक गटातल्या एकाला बोलू द्या. तुम्ही काहीही बोलू नका. मग जोड लावा.

बल्ब साधारण सारखे उजळतात. ‘साधारण’ म्हणतोय, कारण दोन बल्ब तंतोतंत सारखे क्वचितच असतात आणि ‘पहिला’ म्हणणाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास उठून म्हणतं, ‘बघा सर, पहिलाच जास्त आहे!’ असा विद्यार्थी मिळाला तर तास सोन्याचा झाला. त्याला गप्प करू नका. वर्गाला विचारा, हा फरक जागेमुळे आहे की बल्बामुळे, हे कसं ठरवायचं? थोड्या वेळाने कोणीतरी म्हणेल, बल्बांची अदलाबदल करा. अदलाबदल केल्यावर जास्त उजेडाचा बल्ब दुसऱ्या जागी जाऊनही तसाच उजळ राहिला, तर दोष जागेचा नव्हे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तत्त्व प्रयोगवहीत शंभरदा लिहून जे साधत नाही, ते इथे दोन मिनिटांत साधतं.

अमीटर (धारा मोजायचं साधन) असेल तर तो पहिल्या बल्बच्या आधी, दोघांच्या मध्ये आणि शेवटी लावून वाचा. तिन्ही वाचनं सारखी. मग खरा प्रश्न येतो: धारा वापरली जात नाही, तर सेल संपतो कशाने? इथे सायकलच्या साखळीची उपमा कामाला येते. साखळी सगळीकडे एकाच वेगाने फिरते, ती मागच्या चाकापाशी ‘संपत’ नाही, पण पायाची ऊर्जा ती चाकापर्यंत पोचवते. धारा म्हणजे साखळीचं फिरणं, संपते ती ऊर्जा. उपमा दिली की तिची हद्दही मुलांनाच शोधायला लावा. साखळी तुटली तर ती लोंबते, वायर तुटली तर वीज बाहेर सांडते का? उपमा कुठे मोडते हे ज्याला सांगता येतं, त्याला ती कळलेली असते.

पायरी ४: प्रश्न विचारा आणि थांबा

१९७०च्या दशकात विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखाद सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं, तर उत्तरं लांब येतात, कारणं देऊन येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. तीन सेकंदांची शांतता वर्गात फार मोठी वाटते. मी मनात आकडे मोजतो.

पन्नास-साठ जणांच्या वर्गात प्रत्येकाला बोलतं करणं अवघड असतं. तिथे हार्वर्डच्या एरिक मझूर यांची पद्धत वापरा: पर्यायी उत्तरांचा एक प्रश्न, प्रत्येकाने एकट्याने बोटांनी पर्याय दाखवायचा, मग शेजाऱ्याला दोन मिनिटं पटवायचं, मग पुन्हा बोटं. साधारण ३० ते ७० टक्के मुलं पहिल्या फेरीत बरोबर असतील असा प्रश्न निवडा. सगळ्यांना येणाऱ्या प्रश्नावर बोलण्यासारखं काही नसतं आणि कोणालाच न येणाऱ्या प्रश्नावर चुकीचंच मत पक्कं होतं.

पायरी ५: मोजमाप स्वतःचं, आकडेही स्वतःचे

लंबक घ्या. दोरा आणि वजन, दुसरं काही नाही. वजन दुप्पट केलं तर आंदोलनाचा काळ बदलेल का? भाकीत लिहा, मग मोजा. एका आंदोलनाचा काळ मोजायला गेलं तर घड्याळाची कळ दाबण्यातच गफलत होते. दहा आंदोलनं मोजून दहाने भागलं तर ती चूक दहा जागी वाटली जाते. हे सांगू नका, दोन्ही करून बघू द्या. एक मीटरच्या लंबकाला एक पूर्ण आंदोलन करायला जवळजवळ दोन सेकंद लागतात. वजन बदलून त्यात फरक पडत नाही, लांबी बदलून पडतो.

इथे मला मनापासून एक सांगायचंय. प्रयोगवहीत ‘बरोबर’ आकडे असले की गुण, हा पायंडा मोडा. त्यामुळे मुलं आधी उत्तर शोधतात आणि त्याला जुळतील असे आकडे लिहितात. विज्ञान शिकवण्याच्या नावाखाली आपण त्यांना खोटं लिहायला शिकवतो. १.९२, २.०७, २.०१ असे विस्कळीत आकडे लिहिणाऱ्याला आणि ‘आकडे सारखे का आले नाहीत’ यावर दोन ओळी लिहिणाऱ्याला जास्त गुण द्या. पहिल्याच महिन्यात वह्या बदललेल्या दिसतील.

पायरी ६: मग इंटरनेट, मग चॅटबॉट

क्रम महत्त्वाचा आहे. स्वतःचा अंदाज लिहिल्याशिवाय शोधायचं नाही, एवढा एकच नियम पाळला तरी पुष्कळ झालं. अंदाज हाताशी असला की सापडलेलं उत्तर त्याच्याशी ताडून बघितलं जातं, नाहीतर ते नुसतं उतरवलं जातं.

सापडलेल्या माहितीचं काय करायचं, हेही शिकवावं लागतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका गटाने २०१६ साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या ७,८०४ उत्तरांचा अभ्यास मांडला. माध्यमिक शाळेतल्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना ‘प्रायोजित मजकूर’ असं स्पष्ट लिहिलेली जाहिरातही बातमीच वाटली होती. याच गटाच्या पुढच्या कामातून दिसलं, की तथ्य तपासण्याचं काम करणारे व्यावसायिक एका पानावर रेंगाळत नाहीत. ते लगेच बाहेर पडून ‘हे सांगतंय कोण, आणि इतर लोक याच्याबद्दल काय म्हणतात’ ते पाहतात. पान किती देखणं आहे यावर ते जात नाहीत. मुलांना हीच सवय लावा: दावा वाचला की नवीन टॅब उघडायचा.

चॅटबॉटला वर्गात बंदी घालण्यापेक्षा त्याचं उत्तर टेबलावर ठेवा. ऋतूंवरचं किंवा परिपथावरचं त्याचं उत्तर छापून वाटा आणि प्रत्येक वाक्याला खूण करायला सांगा. हे आपण इथे तपासून बघू शकतो का? दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून मानावं लागतंय, तर कोणाच्या? की वाक्य गुळगुळीत आहे पण काहीच सांगत नाही? तिसऱ्या खुणेची वाक्यं सापडली की मुलं खूश होतात, आणि पुढे स्वतःच्या उत्तरांतलीही तशी वाक्यं त्यांना दिसायला लागतात.

संगणकावरच्या आभासी प्रयोगांबद्दल थोडंसं. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला ‘फेट’ हा संच मोफत आहे आणि फार चांगला आहे. वायरमधले इलेक्ट्रॉन डोळ्यांनी दिसत नाहीत, तिथे दिसतात. पण खरा बल्ब आधी, पडद्यावरचा नंतर. पडद्यावरचे दोन बल्ब नेहमी तंतोतंत सारखेच असतात.

पायरी ७: यंत्राचं झाकण उघडा

तंत्रज्ञान शिकवणं म्हणजे ॲप वापरायला शिकवणं नव्हे, ते मुलांना आपल्याहून जास्त येतं. ते कसं चालतं, आणि त्याच्या मर्यादा तशा का आहेत, हे शिकवायचं.

सुरुवात सोपी ठेवा. मोबाइलच्या पडद्यावर पांढरं पान उघडून बोटाच्या टोकावरचा पाण्याचा अगदी बारीक थेंब त्यावर ठेवा. थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्या रंगात लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. पांढरा रंग तिथे नाहीच, तो आपला डोळा बनवतो.

मग कोणत्याही पुस्तकामागचा तेरा अंकी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घ्या. अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करा. ती १० ने भागली जाते, नेहमी. शेवटचा अंक त्यासाठीच जोडलेला असतो. आता एक अंक चुकीचा लिहून बघा, चूक पकडली जाते. शेजारचे दोन अंक उलटसुलट करा, बहुतेक वेळा पकडली जाते. कधी पकडली जात नाही, हे मुलांना शोधू द्या. त्या दोन अंकांमध्ये ५ चा फरक असेल तर. हे शोधून काढणारं मूल पुढे कोणत्याही यंत्राच्या ‘तपासलं आहे’ या शिक्क्याकडे वेगळ्या नजरेने बघतं.

आणि भाषा तयार करणारी यंत्रं कशी चालतात, याचा कागदावरचा खेळ. एक मोठा उतारा घ्या. एखाद्या शब्दापासून सुरुवात करा, उताऱ्यात तो कुठे आलाय ते शोधा, त्याच्या पुढचा शब्द लिहा. त्या नव्या शब्दाची दुसरी एखादी जागा डोळे मिटून बोट ठेवून शोधा, त्याच्या पुढचा शब्द लिहा. असं वीस वेळा. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात इंग्रजी वाक्यं जवळपास अशीच बनवली होती. तयार होणारं वाक्य वाटतं वाक्यासारखं, पण अर्थ भरकटतो. आजची यंत्रं मागच्या एका शब्दाऐवजी हजारो शब्द विचारात घेतात आणि प्रचंड मजकुरावर शिकलेली असतात, म्हणून ती इतकी सफाईने बोलतात. तरी पुढचा शब्द कोणता, हा अंदाज त्यांच्याही मुळाशी आहे. वाक्य सुरेख असूनही चुकीचं कसं असू शकतं, हे मुलांना हातांनी कळतं.

वेळ कुठून आणायचा?

हा प्रश्न खरा आहे आणि तो विचारणारा शिक्षक आळशी नसतो. अभ्यासक्रम मोठा, परीक्षा ठरलेली. पण आकडे बघा. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली भौतिकशास्त्राच्या ६२ वर्गांमधल्या ६,५४२ विद्यार्थ्यांची तुलना केली. सुरुवातीला जेवढं येत नव्हतं, त्यातलं निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांनी सरासरी २३ टक्के कमावलं, मुलांना विचार करायला लावणाऱ्या वर्गांनी ४८ टक्के. २०१४ साली २२५ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर नापास होण्याचं प्रमाण व्याख्यानाच्या वर्गांत ३३.८ टक्के आणि सक्रिय वर्गांत २१.८ टक्के निघालं. म्हणजे ‘पूर्ण केलेला’ अभ्यासक्रम पुष्कळदा फक्त शिक्षकाचा पूर्ण होतो.

सगळं एकदम बदलू नका. महिन्यातून एक धडा निवडा, ज्यात मुलं दरवर्षी हमखास अडखळतात तो. बाकीचे पूर्वीसारखेच घ्या. त्या एका धड्याला चिठ्ठ्या, भाकीत, प्रयोग, शेजाऱ्याशी वाद, एवढं द्या. आठवड्याने वह्या बंद करून त्यावरच पाच मिनिटांत आठवेल ते लिहायला सांगा. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिण्याने जास्त टिकतं.

चिठ्ठ्या मात्र फेकू नका. धडा संपून तीन-चार आठवडे झाले की ज्याची त्याला परत द्या आणि सांगा: ही चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलाला तू आता काय दाखवशील? नियम सांगायचा नाही, असं काहीतरी दाखवायचं की त्याला स्वतःलाच शंका येईल. मागच्या खेपेला एका मुलीने स्वतःची चिठ्ठी वाचली, काही न बोलता कपाटातून दोन सेल आणि दोन बल्ब काढले आणि शेवटचा जोड उघडा ठेवून शेजारणीला विचारलं, ‘कोणता जास्त उजळेल, आधी लिही.’